चित्रदर्शक ॲप वारंवार उघडेनासे होते तेव्हा: पुन्हा इन्स्टॉल करण्याआधीची तपासणी

छायाचित्रावर डबल-क्लिक केले की क्षणभर माउसच्या बाणाजवळ वर्तुळ फिरते, मग ते थांबते आणि पडद्यावर काहीच येत नाही. पुन्हा क्लिक केले तरी तेच. संगणक बंद करून सुरू केला की ॲप उघडते, दोन-चार दिवस सुरळीत चालते आणि मग एके सकाळी तोच प्रकार नव्याने घडतो. ही अडचण सांगणाऱ्या बहुतेकांनी तोवर ॲप एकदा तरी काढून पुन्हा इन्स्टॉल केलेले असते आणि तरीही अडचण परतलेली असते. एकदाच उद्भवलेल्या बिघाडाला रीस्टार्ट पुरेसा आहे, त्यात अधिक शोधत बसण्याची गरज नाही. मात्र बिघाड परत परत येत असेल, तर रीस्टार्टने त्याचा माग पुसला जातो. ॲप अडकलेले असते त्याच वेळी ते कोठे अडकले आहे हे पाहता येते. संगणक नव्याने सुरू झाल्यावर पाहण्यासारखे काही उरत नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, पुढच्या वेळी ॲप उघडले नाही तर काहीही बंद करण्याआधी पाच मिनिटे केवळ निरीक्षणासाठी द्यावीत.

येथील विवेचन प्रामुख्याने विंडोज १० आणि विंडोज ११ यांना धरून आहे. मॅक आणि लिनक्सबद्दल शेवटच्या भागात थोडक्यात लिहिले आहे.

'उघडत नाही' म्हणजे नेमके काय होते

'ॲप उघडत नाही' या एका वाक्यात किमान पाच वेगवेगळे बिघाड दडलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. ॲप मुळात सुरूच होत नाही, ही एक शक्यता. ते सुरू होऊन लगेच कोसळते, ही दुसरी. ते सुरू होते, पण कशाची तरी वाट पाहत गोठून राहते, ही तिसरी. ते व्यवस्थित सुरू असते, पण त्याची खिडकी पडद्याच्या बाहेर असल्यामुळे दिसत नाही, ही चौथी. आणि ॲप उघडते, मात्र ठरावीक चित्रेच उघडत नाहीत, ही पाचवी. यांतील कोणती शक्यता आपल्या संगणकाला लागू आहे हे ठरवण्याआधी केलेला प्रत्येक उपाय हा अंधारात मारलेला दगड असतो.

ते ठरवण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, त्यातील 'डिटेल्स' हा विभाग निवडून नावांची यादी समोर ठेवावी आणि मग चित्रावर डबल-क्लिक करावे. ॲपचे नाव यादीत येतच नसेल, तर पहिली शक्यता. नाव येऊन एक-दोन सेकंदांत नाहीसे होत असेल, तर दुसरी. नाव टिकून राहते पण खिडकी येत नाही, तर तिसरी किंवा चौथी. याच वेळी आणखी एक प्रयोग करावा: चित्रावर क्लिक न करता ॲप थेट स्टार्ट मेनूतून उघडून पाहावे. असे रिकामे उघडल्यावर ते नीट चालत असेल, तर ॲप निर्दोष असून गडबड चित्रात, चित्राच्या फोल्डरमध्ये किंवा चित्र आणि ॲप यांना जोडणाऱ्या नोंदीत आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. या दोन चाचण्यांना मिळून दोन मिनिटेही लागत नाहीत.

नाव यादीत आहे, पण खिडकी नाही

चौथी शक्यता सर्वांत सोपी असूनही ती सर्वांत उशिरा सुचते. लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडून काम करणाऱ्यांच्या बाबतीत चित्रदर्शक आपली खिडकी शेवटी कोठे होती हे लक्षात ठेवतो आणि मॉनिटर काढून घेतल्यावरही कधीकधी तेथेच उघडतो. टास्कबारवरील चिन्हावर बाण नेल्यावर छोटे पूर्वदृश्य दिसत असेल, तर हाच प्रकार समजावा. अशा वेळी विंडोज आणि शिफ्ट ही बटणे दाबून ठेवून डावा किंवा उजवा बाण दाबल्यास खिडकी एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर जाते. एकच मॉनिटर उरलेला असेल, तर शिफ्ट दाबून टास्कबारवरील चिन्हावर राइट-क्लिक करावे, 'मूव्ह' निवडावे, कोणतेही एक बाणाचे बटण एकदा दाबावे आणि मग माउस हलवावा. खिडकी बाणाला चिकटून दृष्टीस पडते. त्यानंतर ती पडद्याच्या मध्यावर ठेवून ॲप रीतसर बंद करावे, म्हणजे नवी जागा नोंदली जाते.

तिसरी शक्यता, म्हणजे ॲपने वाट पाहत राहणे, ही माझ्या अनुभवात वारंवार येणाऱ्या बिघाडाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. मी स्वतः वापरत असलेला एक चित्रदर्शक काही महिने आठवड्यातून एक-दोनदा, बहुधा सकाळी, उघडत नसे. संगणक रीस्टार्ट केला की तो हमखास चालू होई, त्यामुळे दोष विंडोजमध्ये आहे अशी माझी समजूत झाली होती. मी तो तीनदा काढून पुन्हा बसवला, ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावर चित्र उमटवणारी चिप चालवणारे सॉफ्टवेअर) बदलला, तरीही फरक पडला नाही. शेवटी एके दिवशी चिडून सोडून देण्याऐवजी मी टास्क मॅनेजर उघडून नुसता पाहत बसलो. ॲपचे नाव यादीत होते, प्रोसेसरचा वापर शून्य होता आणि मेमरी अजिबात वाढत नव्हती. म्हणजे ते काम करत नव्हते आणि कोसळलेलेही नव्हते, केवळ थांबलेले होते. मिनिटभराने खिडकी आपोआप उघडली.

कारण असे निघाले की, तो चित्रदर्शक सुरू होताना शेवटचे पाहिलेले फोल्डर पुन्हा वाचत असे आणि ते फोल्डर नेटवर्कवरील एका साठवण यंत्रावर होते. ते यंत्र रात्री निष्क्रिय होई आणि कोणी विचारणा केल्यावर त्याच्या डिस्क फिरू लागून उत्तर यायला बराच वेळ लागे. आदल्या दिवशी शेवटचे चित्र संगणकातीलच पाहिलेले असले की सकाळी ॲप झटकन उघडे, नेटवर्कवरील पाहिलेले असले की अडके. रीस्टार्टने काहीही दुरुस्त होत नव्हते; संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत ते यंत्र जागे झालेले असे, एवढेच. आणि तीनदा पुन्हा इन्स्टॉल करूनही उपयोग झाला नाही, कारण शेवटच्या फोल्डरची नोंद ॲपच्या सेटिंग्जमध्ये होती आणि ॲप काढताना सेटिंग्जची फाइल जागच्या जागी राहत होती. 'सुरू होताना मागचे फोल्डर उघडा' हा पर्याय बंद केल्यापासून ती अडचण पुन्हा आलेली नाही.

असेच अडकणे इतर मार्गांनीही होते. वनड्राइव्हसारख्या सेवेत ठेवलेल्या चित्रांच्या चिन्हाशेजारी ढगाची आकृती दिसत असेल, तर ती फाइल प्रत्यक्षात संगणकावर नसते. ती उघडताना आधी इंटरनेटवरून उतरवावी लागते आणि जोडणी मंद असेल तर ॲप गोठल्यासारखे वाटते. त्या फोल्डरवर राइट-क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडल्यास प्रत संगणकावर राहते. बंद पडू लागलेली बाह्य हार्ड डिस्क किंवा झिजलेले मेमरी कार्डही असाच उशीर लावते, आणि ते केवळ ॲपपुरते राहत नाही. फाइल एक्सप्लोररमध्येही त्या ड्राइव्हवरची यादी रेंगाळत उमटते. तसे दिसल्यास ॲपचा विचार तूर्त बाजूला ठेवून प्रथम त्या डिस्कवरील चित्रांची दुसरीकडे प्रत करावी.

अडकलेल्या ॲपवर पुन्हा पुन्हा डबल-क्लिक करू नये. काही ॲप्स प्रत्येक क्लिकला नवी प्रत सुरू करतात आणि त्या सर्व प्रती एकाच गोष्टीची वाट पाहत रांगेत उभ्या राहतात; उलट, काही ॲप्स 'मी आधीच सुरू आहे' असे समजून नवी विनंती अडकलेल्या जुन्या प्रतीकडे पाठवतात, आणि म्हणून काहीच घडत नाही. दुसऱ्या प्रकारात टास्क मॅनेजरमधून जुनी प्रत 'एंड टास्क'ने बंद केली की पुढचा क्लिक लगेच लागू पडतो. मात्र तसे करण्यापूर्वी वर सांगितलेल्या गोष्टी, म्हणजे प्रोसेसरचा वापर, मेमरी आणि त्या वेळी कोणती डिस्क किंवा नेटवर्क जोडलेले होते, यांची वेळेसह कागदावर नोंद करून ठेवावी. तीन-चार नोंदी झाल्या की त्यांतील समान धागा आपोआप दिसतो.

ॲप सुरू होऊन लगेच कोसळते

येथे विंडोज स्वतःच टिपण ठेवत असते आणि ते वाचण्याची सवय लावून घेणे फार उपयोगाचे आहे. स्टार्ट मेनूत 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधून उघडावा, डावीकडे 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'ॲप्लिकेशन' निवडावे आणि ॲप कोसळल्याच्या वेळेची लाल चिन्हाची नोंद शोधावी. कोसळलेल्या ॲपची नोंद १००० क्रमांकाची असते, गोठून बंद झालेल्या ॲपची १००२ क्रमांकाची. हा सगळा पसारा अवघड वाटत असेल, तर 'रिलायबिलिटी हिस्टरी' या नावाने मिळणारा दिवसवार तक्ता पाहावा. त्यात कोणत्या तारखेपासून ॲप कोसळू लागले आणि त्याच दिवशी कोणते अपडेट किंवा ड्रायव्हर बसले हे एकाखाली एक दिसते. वारंवार येणाऱ्या बिघाडासाठी मला हा तक्ता इव्हेंट व्ह्यूअरपेक्षाही अधिक उपयुक्त वाटतो.

१००० क्रमांकाच्या नोंदीत 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' असे लिहिलेली ओळ असते. कोसळताना संगणक कोणत्या फाइलमधील काम करत होता हे ती सांगते. ते नाव एनव्ही, एटीआय किंवा आयजीडी या अक्षरांनी सुरू होत असेल, तर तो बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा भाग असतो. तेथे चित्रदर्शक कितीही वेळा बदलला तरी फरक पडणार नाही. ड्रायव्हर अद्ययावत करावा लागेल किंवा नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरून मागच्या आवृत्तीवर जावे लागेल. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर एक सोपी चाचणी करता येते: सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', 'डिस्प्ले' आणि 'ग्राफिक्स' असे जाऊन त्या ॲपसाठी वीज वाचवणारी चिप निवडावी. त्यानंतर ॲप कोसळायचे थांबले, तर संशय दुसऱ्या चिपच्या ड्रायव्हरकडे जातो. ॲपमध्ये 'हार्डवेअर ॲक्सलरेशन' (चित्र रेखाटण्याचे काम ग्राफिक्स चिपवर सोपवणे) बंद करण्याचा पर्याय असल्यास तोही हेच सांगतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मॉड्यूलच्या जागी 'कर्नलबेस' किंवा 'एनटीडीएलएल' अशी विंडोजच्याच मूळ फाइलींची नावे अनेकदा दिसतात आणि ती पाहून लोक संपूर्ण विंडोज पुन्हा बसवायला निघतात. तसे करू नये. कोणत्याही ॲपमधील चूक शेवटी याच फाइलींपर्यंत येऊन प्रकट होते, त्यामुळे ते नाव चूक कोठे उघडकीला आली हे सांगते, ती कोठे घडली हे सांगत नाही. अशा वेळी त्याच क्षणाची दुसरी एखादी नोंद, विशेषतः 'डॉट नेट रनटाइम' या नावाची, आसपास आहे का हे पाहावे. तिच्यात बहुधा अधिक स्पष्ट मजकूर असतो.

ॲप सुरू होताना एखादी डीएलएल फाइल (अनेक ॲप्स मिळून वापरतात असा तयार कोड) सापडत नसल्याचा संदेश आला आणि त्या फाइलच्या नावात 'व्हीसीरनटाइम' किंवा 'एमएसव्हीसीपी' असे शब्द असले, तर मायक्रोसॉफ्टचे 'व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल' हे पॅकेज नाही किंवा बिघडले आहे असे समजावे आणि ते मायक्रोसॉफ्टच्याच अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन बसवावे. ती एकटी डीएलएल फाइल पुरवणारी अनेक संकेतस्थळे शोधात वर येतात; त्यांच्याकडून फाइल घेऊन सिस्टमच्या फोल्डरमध्ये टाकणे हा धोक्याचा मार्ग आहे आणि तो कोणीही अवलंबू नये असे मी आग्रहाने सांगेन. ॲप 'सी', पाच शून्ये, सात आणि 'बी' असा चूक-क्रमांक दाखवत असेल, तर बहुधा ३२ बिट आणि ६४ बिट (प्रोग्रामच्या दोन जाती; दुसरी अधिक मेमरी वापरू शकते) यांची सरमिसळ झालेली असते. त्या पॅकेजची दोन्ही रूपे बसवावी लागतात. चित्रदर्शकाला जोडायची प्लगइन्सही मूळ ॲपच्याच बिटची हवीत, अन्यथा ती त्यात चालत नाहीत.

ॲप निर्दोष, चित्र सदोष

ठरावीक चित्रेच उघडत नसतील, तर पहिला प्रश्न चित्राच्या प्रकाराचा असतो. २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून आयफोनचा कॅमेरा छायाचित्रे मूलतः 'एचईआयसी' या प्रकारात साठवू लागला आणि तो उघडण्यासाठी विंडोजच्या फोटोज ॲपला 'हीफ इमेज एक्स्टेन्शन्स' आणि 'एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स' हे दोन जोडभाग मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून लागतात. त्यांपैकी पहिलाच असेल, तर चित्र उघडत नाही आणि लोक ॲपला दोष देतात. 'वेबपी' हा प्रकार २०१० मध्ये, तर 'एव्हीआयएफ' २०१९ मध्ये आला. त्याआधीच्या चित्रदर्शकांना ते ओळखता येत नाहीत यात नवल नाही.

दुसरा प्रश्न नावाचा. इंटरनेटवरून जतन केलेल्या चित्राच्या नावापुढे 'जेपीजी' असले तरी आत प्रत्यक्षात 'वेबपी' असू शकते. बरेचसे ॲप नावाकडे न पाहता आतील मजकूर तपासतात, काही मात्र नावावर विश्वास ठेवून फसतात. खरा प्रकार ओळखण्यासाठी त्या चित्राची एक प्रत नोटपॅडमध्ये उघडावी. बाकी सर्व अगम्य चिन्हे दिसली तरी सुरुवातीच्याच काही अक्षरांत पीएनजी चित्रात 'पीएनजी', वेबपी चित्रात 'रिफ' आणि त्यापुढे 'वेबपी', तर जेपीईजी चित्रात बहुधा 'जेएफआयएफ' किंवा 'एक्झिफ' ही अक्षरे ओळखू येतात. पाहून झाल्यावर काहीही जतन न करता नोटपॅड बंद करावे. फाइलचा आकार शून्य बाइट असेल किंवा नोटपॅडमध्ये केवळ रिकाम्या जागाच दिसत असतील, तर चित्र कार्डवरून किंवा फोनवरून पूर्ण उतरलेलेच नाही. मूळ ठिकाणाहून ते पुन्हा घ्यावे आणि ते हाती येईपर्यंत कार्ड पुसू नये.

तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आपण एक चित्र उघडतो तेव्हा चित्रदर्शक बहुधा त्याच्या शेजारची चित्रेही आधीच वाचून ठेवतो, म्हणजे पुढचा बाण दाबल्यावर ती लगेच दिसावीत. त्यामुळे आपण उघडत असलेले चित्र चांगले असूनही त्याच्या बाजूचे एखादे बिघडलेले चित्र ॲपला कोसळवू शकते. ॲप एका फोल्डरमधील कोणतेच चित्र उघडत नसेल आणि इतर फोल्डरमधील उघडत असेल, तर एक नवे रिकामे फोल्डर करून त्यात एकच चित्र प्रत करून पाहावे. तेथे ते उघडले, तर उरलेल्या चित्रांचे निम्मे-निम्मे गट करून त्याच पद्धतीने तपासत गेल्यास हजार चित्रांतील बिघडलेले एक चित्र दहाएक फेऱ्यांत हाती लागते.

मेमरीचाही विचार येथेच करावा. डिस्कवर सात-आठ एमबी दिसणारे ६००० गुणिले ४००० बिंदूंचे छायाचित्र उघडल्यावर प्रत्येक बिंदूला चार बाइट या हिशेबाने सुमारे ९६ एमबी जागा व्यापते. १० कोटी बिंदूंच्या चित्राला सुमारे ४०० एमबी लागतात. शेजारची तीन-चार चित्रेही सोबत वाचली जात असतील, तर जुने ३२ बिट ॲप लवकरच आपल्या मर्यादेला टेकते. मोठी स्कॅन केलेली चित्रे पाहणाऱ्यांनी ६४ बिट आवृत्तीच वापरावी.

याउलट, विंडोज ७ सोबत आलेला जुना फोटो व्ह्यूअर अजूनही वापरणाऱ्यांना 'पुरेशी मेमरी नाही' असा संदेश भरपूर मेमरी असतानाही दिसतो. त्यामागे बहुतेक वेळा मॉनिटरचे बिघडलेले रंग-प्रोफाइल (मॉनिटरवर रंग कसे दिसावेत हे सांगणारी फाइल) असते. 'कलर मॅनेजमेंट' उघडून आपला मॉनिटर निवडावा, स्वतःच्या सेटिंग्ज वापरण्याच्या चौकटीत खूण करावी, 'एसआरजीबी' प्रोफाइल जोडावे आणि तेच मूलभूत ठरवावे.

नाव यादीत येतच नाही

डबल-क्लिकने काहीच होत नाही, पण स्टार्ट मेनूतून ॲप उघडते, असे असेल तर चित्राचा प्रकार आणि ॲप यांची जोडणी तुटलेली आहे. चित्रावर राइट-क्लिक करून 'ओपन विथ', मग 'चूज अनदर ॲप' निवडावे आणि नेहमी तेच वापरण्याचा पर्याय स्वीकारावा. हे प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्रपणे करावे लागते. जेपीजीसाठी केलेली निवड पीएनजीला लागू होत नाही. मोठ्या अपडेटनंतर ही जोडणी पुन्हा मूळ पदावर जाताना मी पाहिली आहे, त्यामुळे अडचण परत आली तर प्रथम हेच तपासावे.

स्टार्ट मेनूतूनही ॲप उघडत नसेल आणि ते विंडोजचे फोटोज असेल, तर सेटिंग्जमध्ये 'ॲप्स', मग बसवलेल्या ॲप्सची यादी, त्यात फोटोज आणि त्याच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' असे जावे. तेथे 'टर्मिनेट', 'रिपेअर' आणि 'रीसेट' असे तीन पर्याय असतात आणि ते याच क्रमाने वापरावेत. रिपेअरने ॲपची माहिती शाबूत राहते. रीसेटने ॲपच्या सेटिंग्ज पुसल्या जातात, आपली छायाचित्रे नाहीत. तरीही जमले नाही, तर स्टोअरमधून अपडेट पाहावे, 'डब्ल्यूएसरीसेट' ही आज्ञा 'रन'मध्ये देऊन स्टोअरची तात्पुरती साठवण साफ करावी आणि सर्वांत शेवटी प्रशासक अधिकारांनिशी उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजच्या स्वतःच्या फाइली दुरुस्त करणाऱ्या दोन आज्ञांपैकी प्रथम 'डिझम'ची 'रीस्टोअर हेल्थ' आणि मग 'एसएफसी'ची 'स्कॅननाऊ' ही तपासणी चालवावी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण दुसरी आज्ञा बिघडलेल्या फाइली ज्या साठ्यातून बदलते तो साठा पहिली आज्ञा दुरुस्त करते.

कारण ॲपमध्ये की खात्यात

येथपर्यंत येऊनही उलगडा झाला नसेल, तर संगणकावर एक नवे तात्पुरते खाते तयार करून त्यातून ॲप उघडून पाहावे. नव्या खात्यात ते चालले, तर दोष आपल्या खात्यातील सेटिंग्जमध्ये आहे. वीज अचानक गेल्यावर अर्धवट लिहिली गेलेली सेटिंग्जची फाइल हे त्याचे नेहमीचे कारण. अशा वेळी 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरमधील त्या ॲपचे फोल्डर पुसून टाकू नये, त्याचे नाव बदलावे. ॲप सुरू होताना स्वतःसाठी नवे फोल्डर तयार करते आणि आपल्या जुन्या आवडीनिवडी, शेरे किंवा चित्रांची वर्गवारी हवी असल्यास बदललेल्या नावाच्या फोल्डरमध्ये त्या सुरक्षित असतात. वर्षानुवर्षे लावलेली वर्गवारी एका घाईच्या डिलीटने गेलेली मी पाहिली आहे आणि ती परत मिळाली नाही.

नव्या खात्यातही ॲप चालत नसेल, तर संपूर्ण संगणकाला लागू असलेले कारण शोधावे. सिस्टमच्या ड्राइव्हवर मोकळी जागा उरली आहे का हे आधी पाहावे. लघुचित्रे साठवायलाही जागा नसेल तर काही चित्रदर्शक सुरूच होत नाहीत. विंडोज सिक्युरिटीमधील 'प्रोटेक्शन हिस्टरी' उघडून 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'ने (अनोळखी ॲप्सना महत्त्वाच्या फोल्डरमध्ये बदल करू न देणाऱ्या सुरक्षेने) ॲपला अडवले आहे का तेही पाहावे. त्यानंतर 'एमएसकॉन्फिग' या विंडोजच्या साधनातून इतर कंपन्यांच्या सेवा तात्पुरत्या बंद करून पाहता येतात, मात्र त्याआधी मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवण्याच्या चौकटीत खूण करायला विसरू नये, नाहीतर विंडोजच्या आवश्यक सेवाही बंद होतील.

मॅकवर ऑप्शन, कमांड आणि एस्केप दाबून अडकलेले प्रिव्ह्यू (मॅकचा चित्रदर्शक) बंद करता येते आणि शिफ्ट दाबून ठेवून ते उघडल्यास मागच्या वेळच्या खिडक्या पुन्हा उघडत नाहीत. एखादे बिघडलेले चित्र दर वेळी आपोआप उघडून ॲपला कोसळवत असेल, तर एवढेच पुरते. लिनक्सवर चित्रदर्शक टर्मिनलमध्ये त्याच्या नावाने सुरू करावा, म्हणजे कोणती लायब्ररी सापडत नाही हे तेथेच छापून येते. ग्नोम या लिनक्सवरील डेस्कटॉपच्या ४५ व्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली, 'आय ऑफ ग्नोम'च्या जागी 'लूप' हा नवा चित्रदर्शक आला, त्यामुळे अपडेटनंतर जुन्या नावाने शोधल्यास तो सापडणार नाही. फ्लॅटपॅकमधून (ॲपला उर्वरित संगणकापासून वेगळे ठेवणाऱ्या पॅकेजमधून) बसवलेल्या ॲपला आपल्या फोल्डरची परवानगी नसणे हेही तेथील एक सामान्य कारण आहे.

ॲप पुन्हा इन्स्टॉल करण्याची वेळ आलीच, तर जुने काढल्यावर सेटिंग्जच्या फोल्डरचे नाव बदलावे, संगणक रीस्टार्ट करावा आणि मगच नवी आवृत्ती निर्मात्याच्या अधिकृत ठिकाणाहून घेऊन बसवावी. तरीही बिघाड परतला आणि निर्मात्याला किंवा जाणकाराला विचारायचे ठरवले, तर 'ॲप उघडत नाही' एवढेच लिहून पाठवू नये. विंडोजची आणि ॲपची आवृत्ती, वरच्या पाचपैकी कोणता प्रकार घडतो, १००० किंवा १००२ क्रमांकाच्या नोंदीतील मॉड्यूलचे नाव, नव्या खात्यात आणि रिकाम्या फोल्डरमध्ये काय झाले, आणि आपल्या कागदावरील तारखा व वेळा, एवढे सोबत द्यावे.